स्लॅबखालची विहीर : इंदूरच्या एका कॉलनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागात एक जुनी मराठीबहुल कॉलनी आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून कॉलनीचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, काही खुणाही बदलल्या आहेत. शंभर-सव्वाशे घरे, दत्ताचे देऊळ, त्याला लागून सभामंडप आणि समोर मोकळी फरसबंद जागा. घरमालक बहुतेक मराठी. वरच्या मजल्यांवर आणि मागच्या गल्लीत भाडेकरू राहतात, आणि त्यांतले बरेच हिंदी बोलणारे: कोचिंगसाठी आलेली मुले, खाजगी नोकरीतली जोडपी, घरकाम करणाऱ्या बायांची कुटुंबे.

त्या फरशीखाली विहीर आहे. कॉलनी होण्याआधी इथे बाग होती, तिची ही विहीर, काळ्या दगडात बांधलेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरवरून चढवून इंदुरात आणले गेले, तोवर कॉलनी याच विहिरीचे पाणी प्यायची. नळ आल्यावर विहिरीची गरज सरली आणि गैरसोय उरली. गणेशोत्सवाला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नव्वदच्या दशकात वर्गणी काढून विहिरीवर सिमेंटचा स्लॅब घातला. एका कोपऱ्यात झाकण ठेवले आणि आत मोटर सोडली. पुढची पंचवीस-तीस वर्षे त्याच स्लॅबवर गणपतीचा मंडप पडला, कोजागिरीचे दूध आटले, हळदीकुंकू झाले. नवीन राहायला आलेल्यांना आपण विहिरीवर उभे आहोत हे ठाऊकही नसायचे.

३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेल नगरात बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळला आणि ३६ माणसे गेली. त्यानंतर प्रशासनाने शहरातल्या विहिरी-बावड्यांची पाहणी सुरू केली, त्यांच्यावरची बांधकामे काढायला घेतली आणि दुर्घटनेची ती बावडी बुजवून टाकली. आमच्या प्रकरणाची सुरुवात त्याच आठवड्यातली.

अडचण

देवस्थानाच्या समितीत सात जण होते आणि ते वर्षानुवर्षे तेच होते. ते घाईने बसले आणि ठरवले की निगमचे, म्हणजे महापालिकेचे, लोक येण्याआधी विहीर मलबा टाकून बुजवायची आणि वर फरशी घालायची. भीती खरी होती. नोटीस आली तर सभामंडपही जाईल असे त्यांना वाटत होते, कारण मंडपाचे कागद कोणाकडेच धड नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मलब्याची पहिली ट्रॉली आली आणि चार-सहा तरुण तिच्यापुढे उभे राहिले. पाठोपाठ मागच्या गल्लीतल्या बाया आल्या. उन्हाळ्यात टंचाई पडली की मोटरच्या नळावर त्या कपडे-भांड्यांचे पाणी भरत. समितीच्या बैठकीत हा मुद्दा निघालाच नव्हता, कारण पाणी भरणारे कोणी तिथे बसत नव्हते.

ट्रॉली अर्धा दिवस तशीच उभी राहिली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जे व्हायचे ते झाले. पण तिथले संदेश नीट वाचले तर विहिरीबद्दलचे फार थोडे होते. बहुतेक सभामंडपाच्या पत्र्याच्या शेडबद्दल होते. काही वर्षांपूर्वी त्यासाठी घरटी वर्गणी निघाली होती आणि तिचा हिशेब कधीच मांडला गेला नव्हता. एका काकूंनी लिहिले, "वर्गणी देताना आम्ही कॉलनीचे, हिशेब विचारला की आम्ही बाहेरचे." समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांना हे फार लागले आणि त्यांनी ग्रुप सोडला. मग ते रागावले म्हणून आणखी वीस जणांनी सोडला.

मी तेव्हा अशा बैठका चालवण्याचे काम करत होतो. पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) ओळखीतल्या एका निवृत्त ओव्हरसिअर काकांनी मला बोलावले. त्यांचा निरोप इतकाच होता: "भांडण मिटवायला नको. निर्णय घ्यायला मदत कर, पाऊस जूनमध्ये येतो."

पहिले वळण : काय ठरलेले आहे आणि काय नाही

अशा ठिकाणी सर्वसाधारण सभा बोलवायचा मोह होतो. सगळ्यांना सतरंजीवर बसवा, सगळ्यांचे ऐका, मग समितीने जे ठरवले तेच जरा गोड शब्दांत सांगा. लोक हे एकदा सहन करतात. दुसऱ्यांदा येत नाहीत आणि मग उदासीन म्हणून बोलणी खातात.

म्हणून सभेआधी समितीशी आणि ट्रॉली अडवणाऱ्यांशी वेगवेगळे बसून एकच गोष्ट लिहून काढली: कोणत्या बाबी चर्चेला नाहीत. त्या दोन निघाल्या. स्लॅबवर आजपासून कोणीही उभे राहणार नाही, तिथे कठडे लागतील आणि ते कोणाच्या मताने हलणार नाहीत. आणि इंजिनिअर जो पर्याय असुरक्षित म्हणेल तो मतदानाला ठेवला जाणार नाही. बाकी सगळे मोकळे: विहीर ठेवायची की बुजवायची, उत्सव कुठे, पैसे किती आणि कोणाच्या हातात, पाण्यावर हक्क कोणाचा.

ट्रॉली परत गेली. अध्यक्षांना ते जड गेले, पण फलकावर त्यांच्याच सहीने लागले, "विहिरीबाबत निर्णय झालेला नाही." मागे घेतलेला निर्णय सही करून जाहीर करणे इतके सोपे नसते. पुढच्या घडामोडींत या सहीचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

तो फलक आधी फक्त मराठीत लागला होता. मागच्या गल्लीतल्या एका भाडेकरू मुलाने खाली पेनाने हिंदी मजकूर लिहिला. तेव्हापासून प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत लागू लागली.

दुसरे वळण : जुना हिशेब आधी की विहीर आधी

तरुणांचा हट्ट होता की शेडचा हिशेब मिळेपर्यंत एक पैसा देणार नाही. समितीचे म्हणणे, माणसे मेली आहेत शहरात आणि तुम्हाला पत्र्यांची पडली आहे. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य होते. पण जुन्या हिशेबात शिरलो असतो तर जून तिथेच उजाडला असता, आणि तो बाजूला ठेवला असता तर नव्या वर्गणीला कोणी हात लावला नसता.

तोडगा ओव्हरसिअर काकांनी काढला. विहिरीच्या कामाचे पैसे देवस्थानाच्या खात्यात जाणार नाहीत. वेगळे खाते, तीन जणांच्या सह्या: एक समितीचा, एक तरुणांतला, एक मागच्या गल्लीतला. पावत्यांच्या प्रती दर रविवारी फलकावर, चहाच्या बिलासकट. शेडच्या हिशेबासाठी जुन्या कोषाध्यक्षांना गणेश चतुर्थीपर्यंत मुदत. तारीख त्यांनी स्वतः निवडली.

तिसरी सही मागच्या गल्लीतून असावी यावर बराच वेळ गेला. "भाडेकरू आज आहे, उद्या नाही," हा आक्षेप. शेवटी तिथे सोळा वर्षे राहिलेल्या एका ताईंचे नाव निघाले. त्या कॉलनीतल्या चार घरांत स्वयंपाक करतात. समितीतल्या दोघांच्या घरी तर त्याच पोळ्या लाटतात. त्यांना सही येते का, असे एका सदस्याने विचारले. ताईंनी बँकेचे पासबुक आणून दाखवले.

पर्याय

इंजिनिअरने झाकणातून दिवा सोडून स्लॅब खालून पाहिला. बऱ्याच ठिकाणी काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्या होत्या आणि गंजून फुगल्या होत्या. विहिरीची वाफ वर्षानुवर्षे बंद स्लॅबला खालून लागत राहते, त्यामुळे वरून फरशी चकचकीत असली तरी खाली असे होते. तो वरून हातोड्याने ठोकत गेला आणि पोकळ आवाज येणारी जागा खडूने आखत गेला. हे त्याने कठड्याबाहेर जमलेल्या लोकांसमोर केले. अहवाल नंतर आला, पण स्लॅब गेला आहे हे लोकांनी त्या दुपारीच कानांनी ऐकले होते.

चार पर्याय फलकावर लागले. पहिला, विहीर बुजवणे. हे वाटते तितके स्वस्त नाही. घरे पाडलेला मलबा टाकला तर तो वर्षानुवर्षे बसत राहतो, वरची जमीन खचते आणि प्लास्टर-रंग-कचऱ्याची घाण भूजलात उतरते. नीट बुजवायचे तर आधी स्लॅब काढावा लागतो, गाळ उपसावा लागतो, मग स्वच्छ मुरूम-वाळू आणि वर चिकणमातीचा थर. दुसरा, स्लॅबला खालून तुळया देऊन मजबूत करणे. तो इंजिनिअरने नाकारला, म्हणून ठरल्याप्रमाणे फलकावरच काट मारली गेली. काहींना हाच हवा होता, कारण यात उत्सवाची जागा वाचत होती. तिसरा, स्लॅब काढून विहीर उघडी करणे, कठडा बांधणे, वर लोखंडी जाळी. चौथा, सगळे निगमवर सोपवणे. हा शब्दांत सोपा होता, पण निगमने बुजवायचे ठरवले तर मग कोणाचे चालणार नव्हते.

कागदावर वॉर्ड समित्यांची सोय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत त्या सांगितल्या आहेत. पण एका देवळासमोरची विहीर हा प्रश्न वॉर्डाच्या मानानेही फार लहान. असले प्रश्न ज्या पातळीवर सुटतात तिथे ना कायदा असतो ना सरकारी शिक्का, तिथे ओळखी आणि रुसवे असतात.

प्रत्यक्ष काय केले

रात्री आठच्या सभेला पुरुष येत. म्हणून गल्लीनिहाय छोट्या बैठका दुपारी चारला ओटल्यांवर घेतल्या. तिथे वेगळेच प्रश्न निघाले. उघड्या विहिरीत मुले पडणार नाहीत ना? डास? सांडपाण्याची लाइन विहिरीपासून किती लांब आहे? एका आजींना आठवत होते की जुनी पायरी उत्तरेकडून होती आणि तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आले की बागवान पेरणीची तयारी करी. ही माहिती कोणत्याच कागदावर नव्हती. पुढे स्लॅब कापताना ती उपयोगी पडली.

विश्वासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम मात्र अगदी साधे होते. दोरीला वजन बांधून, हाताहातावर गाठी मारून, रोज सकाळी झाकणातून पाण्याची खोली मोजायची आणि फलकावर खडूने लिहायची. मोजायला दोन माणसे, आणि ती एकाच बाजूची नकोत: एक बुजवा म्हणणारा, एक ठेवा म्हणणारा. दोन आठवडे ही जोडी एकमेकांशी जेमतेम बोलत होती. मग आकड्यावरून वाद घालू लागली, मग चहा एकत्र. मेच्या अखेरीस, जेव्हा आसपासच्या बोअरना हवा येत होती, विहिरीत अजून दीड पुरुष पाणी होते. बुजवा म्हणणाऱ्या मंडळींपैकी एक अण्णा रोजची मोजणी वहीत उतरवून घेत. ते एका रविवारी म्हणाले, "पाणी आहे हे मान्य. पडायची भीती माझी गेलेली नाही." यापेक्षा प्रामाणिक वाक्य मी त्या महिन्यात ऐकले नाही.

तिसरे वळण पाण्याच्या तपासणीचे. बाजारात काचेची एक कुपी मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवायचे, ते काळे पडले तर विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय धरायचा. आपले दुसऱ्याच दिवशी काळे पडले. विहीर वाचवू पाहणाऱ्या तरुणांपैकी दोघांना हे फलकावर नको होते. "बुजवणाऱ्यांना आयते कोलीत मिळेल." त्यांच्यात तासभर वाद झाला. ती कुपी फलकाशेजारी काचेच्या पेटीत ठेवली गेली आणि खाली लिहिले गेले: पिण्यासाठी नाही. मला वाटते समितीच्या लोकांचा सूर त्या दिवसापासून बदलला. समोरचा आपल्या सोयीचे तेवढेच दाखवत नाही, हे त्यांना पहिल्यांदा दिसले.

निर्णयाची पद्धत हे शेवटचे वळण. हात वर करून बहुमत मोजले असते तर मालकांच्या संख्येपुढे भाडेकरू हरले असते आणि वर्गणीही आली नसती. म्हणून घरटी एक चिठ्ठी, स्वयंपाकघर तितकी घरे, भाडेकरू धरून. चिठ्ठीवर प्रश्न "कोणता हवा?" असा नव्हता. "कोणता अजिबात चालणार नाही, आणि का?" असा होता. बुजवण्याला सर्वांत जास्त नकार आले. उघडी विहीर न चालणाऱ्यांची कारणे जवळजवळ दोनच होती: मुले आणि गणपती. म्हणजे विरोध विहिरीला नव्हता, आणि कारणे हाताळता येण्यासारखी होती. जाळीचा नमुना लोहाराकडून आधी करून आणला आणि दोन थोराड मुलांना त्यावर उड्या मारायला लावल्या. गणपतीच्या स्थापनेची जागा हलवण्याबद्दल देवळाच्या गुरुजींना विचारले. ते हसले. "दहा दिवसांचा पाहुणा आहे. पाट मांडाल तिथे बसेल. तुमचेच पाय त्या फरशीला चिकटले आहेत."

निगमच्या झोन कार्यालयात अर्ज गेला तो इंजिनिअरच्या अहवालासह आणि सगळ्या सह्यांसह. नोटिशीची ज्यांना भीती होती तेच अध्यक्ष अर्ज घेऊन गेले. स्लॅब हातोड्याने फोडला नाही. कडेने यंत्राने कापून तुकडे क्रेनने उचलले, आणि खाली-वर कोणी उभे राहू दिले नाही. गाळ काढण्याआधी आत पंख्याने हवा सोडली, जळता दिवा उतरवून पाहिला, मगच माणूस दोराने उतरला. आतून निघाले निर्माल्य, नारळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि न विरघळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती. झाकणातून विसर्जन कोण करत होते हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही, आणि त्या वेळी न बोलणेच बरे होते.

निष्पत्ती

पावसाआधी कठडा आणि जाळी झाली. जाळीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या: एक देवळात, एक मागच्या गल्लीतल्या ताईंकडे. सभामंडपाच्या पत्र्यावरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडले आहे, पहिल्या पावसाचे मात्र बाहेर. हिशेब सोपा आहे. इंदुरात वर्षाला सरासरी ३७ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावरून, उडणे-गळणे वजा जाता, सत्तर हजार लिटरच्या घरात पाणी मिळते. त्यात मे महिन्याची टंचाई मिटत नाही, थोडी मागे ढकलली जाते. पाणी बागेला, धुण्या-भांड्याला जाते.

१९ सप्टेंबर २०२३ ला गणेश चतुर्थी होती. मंडप रस्त्याच्या कडेला पडला, पूर्वीपेक्षा लहान. जुन्या कोषाध्यक्षांनी मुदतीत वही आणली. ती अपुरी होती, काही पावत्या सापडल्या नाहीत. सभेने चोरीचा आरोप केला नाही आणि सर्व ठीक आहे असेही लिहिले नाही. "एवढ्या रकमेचा ताळमेळ लागत नाही," अशी नोंद झाली, त्याखाली कोषाध्यक्षांचीही सही आहे. त्यांचे कुटुंब अजून उत्सवात येत नाही. दोन घरांचे बोलणे बंद आहे. विहिरीमुळे कॉलनी एक झाली असे म्हणणे खोटे ठरेल. पण समितीची निवड पुढच्या वर्षी चिठ्ठीने झाली. सातांपैकी तीन नवे आले आणि त्यात दोघी बायका. पूर्वी बाई फक्त प्रसादाच्या यादीत असे.

वेगळे काय करता आले असते

मागच्या गल्लीला पहिल्या दिवशी बोलवायला हवे होते. त्यांनी ट्रॉली अडवली नसती तर त्यांचे पाणी हा मुद्दा कोणाच्या लक्षातही आला नसता, आणि दर वेळी लोक ट्रॉली अडवायला मोकळे नसतात. कोचिंगची मुले तर शेवटपर्यंत बाहेरच राहिली. चिठ्ठीत "स्वयंपाकघर" हा निकष लावला, आणि मेसवर जेवणाऱ्यांचे स्वयंपाकघर कुठले?

इंजिनिअरची तपासणी भांडणानंतर झाली. ती ३१ मार्चला झाली असती तर दुसरा पर्याय लोकांच्या मनात रुजलाच नसता. अनेकांनी महिनाभर त्यावर आशा धरली आणि मग काट मारली गेली, त्याची कुरकुर अजून ऐकू येते.

तीन सह्यांच्या खात्याला शेवट ठरवला नव्हता. काम संपल्यावर उरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न दोन महिने लोंबकळला आणि नव्या विश्वासाला पहिला ओरखडा तिथे पडला. नंतर ती रक्कम देखभालीसाठी ठेवली. पण हे आधीच लिहिता आले असते.

देखभालीचा गुंता अजून सुटलेला नाही. गाळणीची वाळू दर वर्षी पावसाआधी काढून धुवावी लागते. पहिल्या वर्षी पन्नास माणसे आली, दुसऱ्या वर्षी सात. तरुणांचे म्हणणे, मजूर लावा, खात्यात पैसे आहेत. अण्णांचे म्हणणे, मजूर लावले की विहीर पुन्हा समितीची होईल. गेल्या सभेत या एका विषयावर दीड तास गेला आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. या वेळी सूचना मात्र दोन्ही भाषांत लागली आहे, आणि सभा दुपारी चारला आहे.